सिंह दिसलाच पाहिजे, हा हट्ट

पावसाळ्याचे तीन महिने ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतो आणि नेमके तेच महिने केनियातल्या मसाई माराच्या भर हंगामाचे. त्यामुळे मुंबई-पुण्या-नागपूरच्या कितीतरी जंगलवेड्यांचं वर्ष आता असंच आखलेलं असतं: उन्हाळ्यात ताडोबा किंवा पेंच, ऑगस्टमध्ये मारा. मुंबईहून सहा-सात तासांत नैरोबी, तिथून पाच-सहा तासांचा रस्ता, आणि संध्याकाळच्या फेरीला माणूस थेट गवताळ रानात. ग्रुपमध्ये भिशीचे पैसे साठवून आलेल्या मैत्रिणी असतात, निवृत्तीच्या फंडातून आलेलं जोडपं असतं, हातभर लांब लेन्स घेऊन आलेले फोटोग्राफर असतात. रात्री कॅम्पवर जेवताना या टेबलावरून त्या टेबलावर जो प्रश्न जातो, तो मात्र ताडोब्यातून जसाच्या तसा आलेला असतो: आज साइटिंग काय झालं?

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. पूर्व आफ्रिकेतल्या जंगलांना सफारीचा पैसा लागतो, आणि तिथे जाऊच नये असं मी म्हणणार नाही. पण तो पैसा आपण जनावर दिसण्यासाठी मोजतो आहोत, अशी समजूत ग्राहकाने आणि टूर कंपनीने मिळून करून घेतली आहे. त्या समजुतीतून तिथली गर्दी, तिथली धावपळ आणि तिथल्या जनावरांची फरपट निघते. पैसा मोजायचा तो जमीन मोकळी राहावी यासाठी आणि त्या जमिनीवर ज्यांची गुरं चरतात त्यांनी सिंहाला राहू द्यावं यासाठी. जनावर दिसलं तर आनंद, नाही दिसलं तरी तक्रार करायचा हक्क आपल्याला नाही.

सगळ्यात जास्त विकलं जाणारं दृश्य म्हणजे मारा नदीचं क्रॉसिंग. सुमारे १३ लाख विल्डबीस्ट (हरणाच्या जातीची, गाईसारखी दिसणारी जनावरं) आणि त्यांच्याबरोबर दोन लाखांहून अधिक झेब्रे पावसामागून आणि गवतामागून टांझानियातलं सेरेंगेटी ते केनियातलं मारा असा वर्षभराचा फेरा घालतात. जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण सेरेंगेटीतल्या एन्डुटूच्या मैदानांवर पिल्लं जन्मतात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कळप उत्तरेकडे मारा नदीवर येतात. काठावर आलेला कळप लगेच उतरत नाही. पुढची जनावरं पाण्याकडे बघत थबकतात, मागची रेटत राहतात, धूळ चढत जाते, घशातून निघणारा तो खरखरीत हुंकार चहूबाजूंनी ऐकू येतो. एखादा झेब्रा खाली उतरून पाणी हुंगतो, बिचकून मागे फिरतो आणि त्याच्यामागे सगळा कळप वळतो. असं तासन्‌तास चालू शकतं. नियम असा की गाड्यांनी काठापासून लांब, झाडांआड थांबायचं आणि जनावरं पाण्यात उतरल्यावरच पुढे यायचं. प्रत्यक्षात पहिल्या उडीबरोबर डझनावारी लँड क्रूझर एकदम सुटतात. ज्यांना मोक्याची जागा मिळत नाही, त्या कळपाच्या अंगावर किंवा समोरच्या काठावरच्या चढणीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहतात. पोहून आलेल्या जनावराला वर चढायची वाट तीच असते. ती बंद दिसली की ते उभ्या कड्यावर खुर मारत राहतं, नाहीतर परत मगरींच्या पाण्यात वळतं.

जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या उत्तर टोकाच्या कोगातेंदे भागातला एक व्हिडिओ जगभर फिरला. पर्यटक गाड्यांतून उतरून काठावर उभे आणि कळपाची वाट त्यांनी अडवलेली. टांझानियाच्या उद्यान प्रशासनाला त्याची दखल घ्यावी लागली. ज्यांनी असली क्रॉसिंग पाहिली आहेत त्यांना त्यात फक्त एवढंच नवं वाटलं असेल, की या वेळी कुणीतरी कॅमेरा जनावरांऐवजी माणसांवर रोखला.

इथे एक प्रतिवाद नेहमी ऐकायला येतो. विल्डबीस्ट तसेही बुडतातच, दोन-चार गाड्यांनी काय फरक पडतो? बुडतात, हे खरं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार मारा नदीत दरवर्षी सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डबीस्ट बुडून मरतात. ती कलेवरं गिधाडं, मगरी आणि मासे खातात, आणि हाडांतला फॉस्फरस पुढे कित्येक वर्षं हळूहळू पाण्यात उतरत राहतो. मेलेल्या जनावरांवर ही नदी जगते. पण नदीच्या लोंढ्यात, कळपाच्या रेट्यात जनावर मरणं हा त्या रानाचा व्यवहार झाला. आपल्या गाडीचं बंपर त्याच्या वाटेत आल्यामुळे ते मरावं, याला त्या व्यवहाराचा आधार देता येत नाही.

क्रॉसिंगपेक्षाही मला चित्त्याची काळजी जास्त वाटते, कारण तिथली हानी व्हिडिओत दिसत नाही. चित्ता दिवसा शिकार करतो. सिंह आणि तरस रात्री व पहाटेच्या अंधारात जास्त फिरतात, त्यांना टाळून सकाळ आणि उतरती दुपार त्याने आपली करून घेतली आहे. सफारीच्या दोन्ही फेऱ्याही नेमक्या त्याच वेळी निघतात. शिकार पकडल्यावर चित्त्याला लगेच खाता येत नाही. तोंड उघडं टाकून, बरगड्या भात्यासारख्या हलवत तो कित्येक मिनिटं नुसता धापा टाकत बसतो. त्या वेळात तरसांचा सुगावा लागला तर शिकार सोडून जाण्यावाचून त्याला इलाज नाही, कारण जखमी झालेला चित्ता उपाशीच मरतो. अशा वेळी चहूबाजूंनी उभ्या असलेल्या गाड्या, त्यांची इंजिनं, त्यांच्यामुळे अडलेली त्याची नजर आणि बदललेली त्याची पळवाट यांचा हिशेब करून पाहावा.

तो हिशेब संशोधकांनी केलाही आहे. २०१८ मध्ये माराच्या चित्त्यांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मादीच्या एका वेतातली किती पिल्लं स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोचली, हे मोजलं गेलं. कमी पर्यटकांच्या भागात सरासरी २.३ पिल्लं. भरपूर पर्यटकांच्या भागात ०.२. म्हणजे जिथे गाड्यांची वर्दळ जास्त, तिथे पाच वेतांमागे मिळून जेमतेम एक पिल्लू वाचतं. कुणी पर्यटक चित्त्याच्या पिल्लाला मारत नाही. हुकलेल्या शिकारी, सोडून द्यावी लागलेली शिकार, आईचा ताण, लपवलेल्या पिल्लांपर्यंत पोचलेला वास किंवा आवाज, अशा लहान लहान गोष्टींची ती बेरीज असावी. ज्या माणसांनी त्या गाड्यांत बसून हळव्या मनाने त्या पिल्लांचे फोटो काढले, त्यांच्यातल्या बहुतेकांचा जनावरांवर जीवच असणार. मला त्याचंच वाईट वाटतं.

मग ड्रायव्हर असं का करतो? त्याला नियम माहीत असतात. एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, किमान २५ मीटर अंतर, इतर गाड्या वाट बघत असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची, ठरलेल्या वाटेबाहेर गाडी घालायची नाही. हे सगळं मारात छापील आहे. पण त्याच्या घराचं गणित वेगळ्या कागदावर आहे. कित्येक ड्रायव्हर-गाईडांचा पगार हंगामापुरता असतो आणि उरलेली कमाई टिपेवर. टिप शेवटच्या दिवशी मिळते, आणि ती किती मिळणार हे मागच्या सीटवरच्या माणसांच्या चेहऱ्यावर ठरतं. रेडिओवर कुणीतरी 'चुई' म्हणतं, म्हणजे बिबट्या. मागून आवाज येतो, त्या गाडीला दिसला, आपल्याला का नाही? मी हे वाक्य मराठीत ऐकलं आहे, हिंदीत, गुजरातीत आणि इंग्रजीतही ऐकलं आहे. गाडी वाटेवरून खाली उतरते ती त्या वाक्यामुळे. दंड झालाच तर तो ड्रायव्हरला होतो. ज्याने ते वाक्य उच्चारलं तो दुसऱ्या दिवशी विमानात असतो.

त्यात आता तिकिटाने भर घातली आहे. २०२४ पासून मसाई मारात परदेशी पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर पडतात. पूर्वी हे तिकीट २४ तास चालायचं, आता सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच. दर वाढवला की गर्दी कमी होईल, असा युक्तिवाद केला जातो. मला तो पटत नाही. दर वाढल्याने बाहेर राहतो तो मध्यमवर्गीय, आणि जो आत येतो तो आपले २०० डॉलर त्या १२ तासांत वसूल करायला बसतो. महाग तिकिटाने माणसाची घाई वाढते, मागणी कडक होते. गाड्यांची संख्या ठरवून दिल्याशिवाय नुसत्या दराने एकही चित्ता मोकळा श्वास घेणार नाही.

संख्या ठरवल्याने काय होतं, याचं उदाहरण शेजारीच आहे. युगांडातल्या ब्विंडीत आणि रवांडाच्या ज्वालामुखींच्या उतारांवर पहाडी गोरिला बघायला एका कुटुंबाजवळ दिवसाला एकच गट जातो, गटात जास्तीत जास्त आठ माणसं, आणि भेट एका तासाची. घड्याळ लावलेलं असतं, तास संपला की उठायचं. रवांडात या एका तासाला १,५०० डॉलर पडतात, युगांडात ८००. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच ज्वालामुखींच्या विरुंगा पर्वतरांगेत जेमतेम अडीचशे पहाडी गोरिला उरले होते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत विरुंगा आणि ब्विंडी मिळून १,०६३ भरले. यामागे पशुवैद्यकांचे, रेंजरांचे कष्ट आहेत, राखलेलं जंगल आहे, पण आठ माणसांची ती मर्यादाही आहे. दराबद्दल मात्र मी हात राखूनच बोलेन. दीड हजार डॉलर हा पूर्व आफ्रिकेतल्याच कुठल्याही सामान्य माणसासाठी बंद दरवाजा आहे. आणि ब्विंडीला १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर करताना तिथल्या बाट्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं गेलं, हेही विसरता येत नाही. त्या नमुन्यातून घ्यायची ती संख्येची शिस्त.

मारातही ती शिस्त अशक्य नाही. नदीच्या पश्चिमेला मारा ट्रँगल नावाचा भाग २००१ पासून एक ना-नफा संस्था सांभाळते. वाट सोडली की तिथे दंड होतो, आणि एकाच अभयारण्याच्या दोन बाजूंचा फरक साध्या डोळ्यांना दिसतो. प्रशासनाने मनात आणलं तर गाड्या थांबतात.

तरीही गाड्या आणि अंतरं हा या प्रश्नाचा वरचा थर आहे. खालचा थर जमिनीचा. केनियातली जवळपास दोन तृतीयांश वन्य जनावरं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या बाहेर राहतात, म्हणजे कुणाच्या तरी गावात, चराईत, शेताच्या कडेला. मसाई मारा स्वतः जेमतेम १,५१० चौरस किलोमीटर आहे. त्याच्या भोवतीची मैदानं बंद झाली तर आतल्या रानाला काही अर्थ उरत नाही. लोइटाच्या मैदानांवर हे घडूनही गेलं आहे. माराला ये-जा करणारे तिथले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाच्या अखेरीस लाखाच्या वर होते. यांत्रिक गव्हाची शेती आली आणि वीस वर्षांत ते वीस-बावीस हजारांवर आले. पुढे सामुदायिक मालकीच्या रँचांची वाटणी होऊन घरटी तुकडे पडले, आणि तुकडा आला की तारेचं कुंपण येतं. देशभराचा आकडाही तेच सांगतो. १९७७ ते २०१६ या काळात केनियातली वन्य जनावरं सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. १९७७ हेच साल केनियात शिकारबंदीचंही आहे. बंदुका थांबल्यावरही जनावरं संपत राहिली, कारण त्यांच्या पायाखालची जमीन जात राहिली.

कुंपण घालणाऱ्या, मसाई या गुराखी जमातीतल्या कुटुंबाला दोष देण्याआधी त्याच्या जागी उभं राहून बघावं. केनियाच्या कायद्यानुसार वन्य जनावर सरकारचं. सिंहाने गाय मारली तर नुकसान त्याचं, भरपाई कायद्यात आहे पण ती वर्षानुवर्षं रखडते. सिंह बघायला आलेला पर्यटक गेटवर पैसे भरतो आणि निघून जातो. डिसेंबर २०१५ मध्ये माराच्या मार्श प्राईड नावाच्या प्रसिद्ध कळपातल्या सिंहांवर विषप्रयोग झाला. गुरं मारली म्हणून गुराख्यांनी मेलेल्या गाईत कीटकनाशक घातलं होतं. टीव्हीमुळे जगभरच्या घरांत ओळखीची झालेली बीबी नावाची म्हातारी सिंहीण त्यात गेली. तिच्यासाठी लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये लोक रडले. ज्याची गाय गेली त्याच्यासाठी रडणारं त्याच्या घरच्यांखेरीज कुणी नव्हतं, आणि जोवर हे असं आहे तोवर विष थांबणार नाही.

याच कारणासाठी मला माराभोवतीच्या कॉन्झर्व्हन्सी महत्त्वाच्या वाटतात. शेजारी शेजारी जमिनी असलेली मसाई कुटुंबं एकत्र येतात, जमीन कॅम्पवाल्यांना भाड्याने देतात, कुंपण घालत नाहीत. भाडं ठरलेलं, एकरावर, पर्यटक आला काय किंवा न आला काय. ओलारे ओरोक २००६ मध्ये सुरू झाली, नाबोइशो २०१० मध्ये, आणि एका नाबोइशोत सुमारे ५०० जमीनमालक आहेत. किती एकरांमागे किती तंबू हे बांधलेलं असतं, एका जनावराजवळ मोजक्याच गाड्या जाऊ शकतात. ठरवून दिलेल्या भागांत आळीपाळीने गुरंही चरतात. सिंह दिसला म्हणून तिथे जादा पैसे नाहीत आणि दिसला नाही म्हणून कापले जात नाहीत. पैसा आणि दर्शन यांची गाठ सुटलेली आहे. सफारीच्या अर्थकारणातली ही सगळ्यात शहाणी गोष्ट आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तिच्यात उणिवा आहेत. भाडं नवऱ्याच्या नावावर जातं, बाईच्या हातात क्वचित पडतं. ज्याच्या नावावर तुकडाच नाही त्याला काहीच मिळत नाही. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा कॅम्प रिकामे पडले आणि बऱ्याच ठिकाणी भाडं कापावं लागलं. 'आफ्रिकेला जाऊच नका, घरी बसून माहितीपट बघा' असं म्हणणाऱ्यांनी ते वर्ष नजरेसमोर आणावं. पर्यटक नसताना जनावरांना शांतता मिळाली, हे खरं. त्याच वेळी जमीनमालकाला कुंपणाचा विचार पुन्हा करावा लागला, हेही तितकंच खरं. चित्त्याला आपण तिथे नकोच असतो. पण त्याच्या पायाखालची जमीन ज्याची आहे त्याला आपण हवे असतो, आणि म्हणून जायला हवं.

सीमेपलीकडे टांझानियात चित्र अधिक कठोर आहे. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मसाईंना हलवलं तेव्हा त्यांना न्गोरोंगोरोच्या उंच प्रदेशात जनावरांसोबत राहण्याचा हक्क दिला गेला होता. आता त्याच न्गोरोंगोरोतून त्यांना शेकडो किलोमीटर दूर हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरात नेलं जातं आहे. जून २०२२ मध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमीन वेगळी काढताना पोलिसांच्या गोळ्या चालल्या, मसाई जखमी होऊन सीमा ओलांडून केनियात गेले, एक पोलीसही मारला गेला. सरकार म्हणतं, माणसं आणि गुरं वाढली, परिसराला भार सोसवत नाही. वाढली आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण न्गोरोंगोरोतल्या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर लॉजेस उभी आहेत आणि हंगामात खाली उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागते. गुराख्याची गाय जड होते आणि आपली जीप हलकी ठरते, हा न्याय मला मान्य नाही. आपल्याला माहितीपत्रकात माणूस नसलेली आफ्रिका आवडते. तसं निर्मनुष्य रान तिथे कधी नव्हतंच. हजारो वर्षं त्या गवतावर गुरं आणि विल्डबीस्ट बाजूबाजूला चरले आहेत. फोटोच्या चौकटीत लाल शुका पांघरलेला गुराखी आला म्हणून कॅमेरा बाजूला वळवणाऱ्या आपल्या आवडीलाही या विस्थापनात वाटा आहे.

केनियाही निर्धास्त नाही. २०२५ मध्ये मारात सँड नदीच्या काठी एक अतिश्रीमंतांसाठीचा कॅम्प उभा राहिला आणि स्थलांतराची वाट अडते म्हणून एका मसाई कार्यकर्त्याने कोर्टात धाव घेतली.

आता सफारीतल्या 'बिग फाइव्ह'कडे येतो. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस ही यादी शिकाऱ्यांनी केलेली. पायी शिकार करताना सर्वांत धोक्याची जनावरं कोणती, तर ही पाच. अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये मोम्बासाला उतरला आणि त्याने व त्याच्या मुलाने मिळून ५१२ मोठी जनावरं मारली, त्या काळाची ही यादी. बंदूक गेली, कॅमेरा आला, यादी मात्र तशीच राहिली, आणि आजही टूर कंपन्यांच्या जाहिरातीत 'बिग फाइव्ह हमखास' असं लिहिलेलं दिसतं. जंगलात हमखास काही नसतं. तसं लिहिणारी कंपनी ड्रायव्हरला नियम मोडायचा आदेश आगाऊच देऊन ठेवते.

आणि त्या यादीपायी काय काय मागे राहतं! माराच्या आणि केनियातल्याच लायकिपिया पठाराच्या काळ्या मातीत एक बुटकी बाभूळ उगवते, आपल्या बाभळीच्या नात्यातलीच. तिच्या काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढे पोकळ फुगे असतात, त्यांना मुंग्यांनी भोकं पाडलेली असतात आणि वारा आला की झाड शिट्टी वाजवतं. जिराफाने फांदीला जीभ लावली की मुंग्या धावून येतात, तो चार पानं ओढतो आणि मान झटकत पुढच्या झाडाकडे जातो. हत्तीसुद्धा या मुंग्यांमुळे ही झाडं टाळतात. लायकिपियाच्या ओल पेजेटा या राखीव रानात मोठ्या डोक्याच्या परक्या मुंग्या शिरल्या, त्यांनी या पहारेकरी मुंग्या संपवल्या. मग हत्तींनी झाडं मोडली, रान उघडं पडलं, सिंहिणींना दबा धरायला आडोसा उरला नाही. झेब्रे निसटू लागले आणि सिंह रानम्हशींच्या मागे लागले. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. ज्याला सिंहच बघायचा आहे, त्यानेही त्या झाडापाशी गाडी थांबवावी. मी एका मसाई गाईडसोबत तिथे अर्धा तास थांबलो होतो. त्याने फुगा हलकेच टिचकावून मुंग्या बाहेर आणून दाखवल्या, आणि त्या वेळात वाटेने भरधाव गेलेल्या गाड्यांपैकी एकीनेही वेग कमी केला नाही.

हे सगळं आफ्रिकेबद्दल लिहितो आहे, पण सवय आपण घरून नेतो. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. व्हिडिओ बाहेर आला, गाईड आणि जिप्सीचालक निलंबित झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा गाईडला आणि चालकाला झाली. मागे बसलेल्यांना कुणी काही विचारलं नाही. सेरेंगेटीतल्या त्या नदीकाठी आणि करांडल्याच्या त्या वाटेवर मला एकच माणूस दिसतो, पैसे भरून आलेला आणि रिकाम्या हाताने परतायला तयार नसलेला.

'आयुष्यात एकदाच जाणार, मग सिंह बघायची इच्छा धरू नये का?' हा प्रश्न मला साठीतल्या एका काकूंनी विचारला होता. त्या प्रश्नाचा मला आदर आहे. तीन-चार लाख रुपये ही आपल्याकडे लहान रक्कम नाही, आणि ती इच्छा निर्मळ आहे. इच्छा जरूर धरावी. सिंह दिसण्याची शक्यता वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे एका जागी जास्त दिवस राहणं. आपल्याकडच्या बहुतेक सहली आठ दिवसांत नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा उरकतात. निम्मा वेळ रस्त्यावर जातो, प्रत्येक रानात एक-दोन फेऱ्या मिळतात आणि त्या फेऱ्यांत सगळं दिसलंच पाहिजे असा दबाव येतो. त्याऐवजी चार रात्री एकाच कॉन्झर्व्हन्सीत घालवाव्यात. पहिल्या सकाळी काही दिसलं नाही तर दुसरी आहे, तिसरी आहे. ड्रायव्हरचाही जीव थाऱ्यावर राहतो. वाटेतलं डिझेल आणि चार ठिकाणची गेटांची तिकिटंही वाचतात.

पैसे भरण्याआधी टूर कंपनीला विचारायचे प्रश्नही आहेत. कॅम्प कुणाच्या जमिनीवर आहे आणि जमीनमालकाला भाडं कसं मिळतं? गाईड केनियाच्या व्यावसायिक सफारी गाईड संघटनेच्या परीक्षेत बसलेला आहे का, ब्राँझ, सिल्व्हर की गोल्ड? गाडीत किती माणसं? क्रॉसिंगला गाडी कुठे थांबवता? महाराष्ट्रातल्या कंपन्या ग्राहकाच्या प्रश्नाला फार लवकर शिकतात. जैन जेवणाची सोय नैरोबीत करून दाखवणाऱ्या या कंपन्या आहेत. पन्नास ग्राहकांनी हे प्रश्न विचारले तर पुढच्या हंगामाच्या माहितीपत्रकात त्यांची उत्तरं छापून येतील.

टिपेचंही बघावं. ग्रुपने मिळून जी टिप द्यायची ठरवली असेल, ती पहिल्या दिवशी, गाडी सुरू होण्याआधी, पाकिटात घालून ड्रायव्हरच्या हाती द्यावी. सांगावं की ही पूर्ण आहे, काय दिसलं त्यावर यात काही कमी-जास्त होणार नाही. जिथे पाच गाड्या असतील तिथे आपल्याला जायचं नाही, वाट सोडायची नाही, आणि तुला जे झाड, जो पक्षी, जी वारुळं दाखवावीशी वाटतील ती दाखव. मागच्या सीटवरून कुणी 'जवळ घे, अजून जवळ घे' म्हणालं तर त्याला गप्प करायचं काम आमचं, तुझं नाही.